पाणमांजरांची वकिली

प्रिय पाणकोंबडी,

हे पत्र तुझ्या आवाज टिपणाऱ्या कानसेनच्या हाती देते आहे. बॅटऱ्या, महिन्याचा शिधा आणि तुझे कोरडे मोजे यांच्याबरोबर तो ते पोचवेल. त्याच्याजवळ तोंडी निरोप देण्यात अर्थ नव्हता, कारण त्याचा घसा अजून बसलेलाच आहे आणि तुझ्या त्या नदीवर फोन लागत नाही. शिवाय काही गोष्टी अशा असतात की समोरचा चेहरा दिसत नसला तरच नीट सांगता येतात. तेव्हा सवडीने वाच. पिल्लं बिळाबाहेर आली असतील तर आधी त्यांच्याकडे बघ. पत्र कुठे पळून जात नाही.

आधी बातमी, नाहीतर तू शेवटचं पान आधी उघडशील. तुझी सवय मला ठाऊक आहे. तुझी फिल्म होते आहे. मागितलं तेवढं सगळं मिळालेलं नाही, पण पुढचा पूर्ण हंगाम तुम्हाला नदीकाठी राहता येईल आणि नंतर संकलनही नीट होईल, इतकं नक्की झालंय. महिनाअखेर तंबू गुंडाळायचा म्हणत होतीस, तो गुंडाळू नकोस. कागदावर तुझी सही लागणार आहे. तो कागद याच पाकिटात आहे, भिजवू नकोस.

आता क्रमाने सांगते. तू म्हणालीस, "आई, प्राण्यांच्या फिल्मच्या महोत्सवाचा माझा पास वाया जाईल, तुम्ही जा. दोन दिवस मोठ्या पडद्यावर प्राणी बघा, फिरून या." मी गेले ती खरोखर फिरायलाच. कामाचं सगळं कानसेन बघणार होता, मी नुसती त्याच्या सोबतीला. पण दारात पास गळ्यात अडकवणाऱ्या मुलीने तुझं नाव खोडून माझं घातलं आणि खालचा "निर्माती" हा शब्द तसाच ठेवला. मी म्हटलं, अगं, मी शिवणाचा वर्ग चालवते. ती म्हणाली, "असू दे हो, मावशी, बदलायला पुन्हा छापावा लागेल." झालं! दोन दिवस मी निर्माती. चहा घ्यायला उभी राहिले की कोणीतरी येऊन हातात आपलं कार्ड ठेवायचं. एकाने तर कपबशी खाली ठेवायची उसंत न देता लांडग्यांची फिल्म उघडून माझ्या नाकासमोर धरली. मी म्हटलं, छान आहेत, पण पहिल्या लांडग्याला जरा खायला घाला. त्याने ते वहीत लिहून घेतलं.

आणि तिथल्या लोकांचे कपडे! सगळ्यांच्या अंगात ती खिशांची जाकिटं. जंगलात ठीक आहे, पण गालिचा घातलेल्या सभागृहात कशाला? माझा डोळा शिवणारीचा, त्यामुळे मी मोजत बसले. एका गृहस्थांच्या जाकिटाला सतरा खिसे होते आणि ते चष्मा शोधत होते. वरच्या मजल्यावर दिवसभर चर्चा चालायच्या. ड्रोनमुळे पक्षी बिथरतात का, प्राण्याला नाव द्यावं का, निवेदकाने किती बोलावं. खाली अंधाऱ्या हॉलमध्ये फिल्म. पहिल्या दिवशी मी एका कोळ्यावरची पाऊण तासाची फिल्म पाहिली. घरात कोळी दिसला की मी झाडू घेते, हे तू पाहिलेलं आहेस. तिथे वाऱ्याने त्याचं जाळं तुटलं तेव्हा मी डोळे पुसले. शेजारच्या बाईंनी मला रुमाल दिला. बाहेर आल्यावर वाटलं, ही मुलगी इतकी वर्षं मला हेच सांगत होती आणि मी कानात बोळे घालून बसले होते.

कारण मी तुला काय काय बोलले आहे, ते विसरलेले नाही. तू पहिल्यांदा घरी आलीस तेव्हा बुटांना गुडघ्यापर्यंत चिखल होता. "आई, पाच मिनिटं पडते" म्हणून आडवी झालीस ती चौदा तासांनी उठलीस. मी माझ्या मुलाला म्हटलं, ही तुला कुठे सापडली? तो हसून म्हणाला, "पाण्यात." तेव्हापासून तू पाणकोंबडी. तो त्या दिवशी किती खूश होता! पण लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तू सलग पाच महिने नदीवर राहिलीस, आणि परत आलीस तेव्हा मी दारातच म्हटलं, "लग्न माणसाशी केलंस की पाणमांजराशी?" पिशवी ठेवलीस, हात धुतलेस आणि माझ्या मशीनपाशी येऊन बसलीस. थोड्या वेळाने म्हणालीस, "आई, चेनचा आवाज न होता तंबू बंद करता येईल का हो?" मला वाटलं होतं की आता ही रडेल किंवा भांडेल. तू मला काम दिलंस. मी त्या दिवशी मनातून हरले, फक्त कबूल करायला आठ वर्षं लागली.

तर या वेळी झालं असं की मंचावरून फिल्मसाठी पैसे मागायची आपली पाळी रविवारी सकाळी होती आणि शनिवारी जेवणाच्या वेळेपर्यंत कानसेनचा आवाज पार गेला. दुसऱ्यांचे आवाज टिपून पोट भरणारा माणूस, आणि स्वतःचा आवाज दगा देतो! तो नुसता घसा धरून माझ्याकडे बघत राहिला. त्यात आयोजकांकडून निरोप आला की तुमच्या फिल्मच्या तुकड्यातलं चित्र ठीक आहे, पण आवाज उमटत नाही, संध्याकाळपर्यंत नवीन द्या. त्यांनी आम्हाला एक छोटी खोली दिली. दोन खुर्च्या, एक संगणक, भिंतीला खपल्या निघालेला फोम. कानसेन तुकड्याला आवाज पुन्हा जोडायच्या मागे लागला आणि मला त्याने हेडफोन चढवून कागदावर लिहून दिलं, "पिल्लांची शीळ ऐकू आली की वेळ टिपा." मूळ चित्रीकरणाचा आवाज होता तो. तू काठावर त्या कापडी लपणात दडून बसलेली असताना कॅमेऱ्याने स्वतःहून टिपलेला. मी चाळीस मिनिटं ऐकलं. नुसतं पाणी, पाण्यात काहीतरी बुडल्याचा आवाज, तुझा श्वास, तुझं खुर्चीत सावरून बसणं. त्या चाळीस मिनिटांबद्दल पुढे लिहिते. आत्ता लिहायला लागले तर मंचावरचं राहून जाईल.

मंचावर सात मिनिटं मिळतात. समोर लांब टेबलामागे पाच जण, ज्यांच्या हातात पैसा आहे ते. पाठीमागे दीडशे माणसं. आपल्या आधी एक जोडपं मुंग्यांवर बोललं, दोघं एकेक वाक्य वाटून घेत होते, जणू लग्नात घास भरवताहेत. त्यांच्या आधी एकाने शार्कवर असा गडगडाट केला की मला वाटलं तोच चावेल. मग आम्ही. कानसेन शेजारी उभा, तोंडावर बोट ठेवल्यासारखा. सूत्रधाराने विचारलं, "आणि आपण दिग्दर्शिकेच्या कोण?" मी म्हटलं, सासू. सगळा हॉल हसला. हसण्यासारखंच होतं. पण तो शब्द उच्चारताना माझी जीभ अडखळली. कोणाला कळलं नाही, कानसेनला मात्र कळलं. त्याने खाली पाहिलं.

मग तुझा तुकडा लागला. ती आई पाणमांजर तिसऱ्या पिल्लाला मानगुटीला धरून पाण्यात ओढते, ते काठाच्या मुळाला चिकटून बसतं, पुन्हा ओढते, पुन्हा चिकटतं. शेवटी तीच कंटाळून त्याच्याशेजारी आडवी पडते, आणि मग ते आपलं आपण पाण्यात उतरतं. घरच्या छोट्या पडद्यावर मी हे पाहिलं होतं. तिथल्या मोठ्या पडद्यावर ते पिल्लू माझ्यापेक्षा मोठं होतं. पाठीमागे कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. तुकडा संपला आणि टेबलाच्या टोकाचे उंच गृहस्थ, मोठ्या वाहिनीचे, म्हणाले, "सुंदर आहे. पण यात संघर्ष कुठे आहे? शत्रू कोण?" कानसेनच्या टिपणात उत्तर होतं, "पूर." मी पूर म्हटलं. ते म्हणाले, "आणि समजा पूर आलाच नाही, तिन्ही पिल्लं जगली, तर मी प्रेक्षकांना काय दाखवू?" मी म्हटलं, मग जगली असं दाखवा. पुन्हा सगळे हसले, पण मी विनोद केला नव्हता. मला राग आला होता. मी म्हटलं, "साहेब, भांडण झालं तरच घरात गोष्ट घडते असं तुम्हाला वाटतं का? घरातल्या सात माणसांना वर्षभर रोज वेळेवर जेवायला मिळालं, हीसुद्धा गोष्टच आहे. जिने स्वयंपाक केला तिला विचारा." त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावून ठेवलं की पटून, ते मला कळलं नाही. त्यांचा होकार मात्र आला नाही, हे आत्ताच सांगून टाकते.

त्यांच्या शेजारी पांढऱ्या आखूड केसांच्या बाई होत्या, एका लहानशा वाहिनीच्या. त्यांनी मला पहिला शहाणा प्रश्न विचारला. "तुमची सून इतक्या जवळ जाते कशी?" हे मला येत होतं! मग मी काही टिपण बघितलं नाही. सांगितलं, की लपणाचं कापड आधी तीनदा धुवायचं, नाहीतर नवं कापड ऊन पडलं की चमकतं. तीन पदर घालायचे, मधला लोकरीचा, म्हणजे आतल्या माणसाच्या हालचालीचा आवाज बाहेर जात नाही. चेन नाही, चिकटपट्टी तर मुळीच नाही, कारण ती उघडताना चर्र करते आणि पाणमांजर पंधरा दिवस त्या काठाला फिरकत नाही. बटणं लावायची, ती कापडाने मढवलेली, आणि काजं जरा सैल, म्हणजे थंडीने बधिर झालेल्या बोटांनाही उघडता येतात. आणि खाली, डाव्या बाजूला, एक चोरखिसा. त्यात काय असतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चॉकलेट. सोळा सोळा तास बसते हो, पोरगी. आणि हे सांगताना माझा आवाज असा काही फाटला की पुढचं बोलताच येईना. घंटा वाजली. बरं झालं वाजली.

बाई नंतर जिन्यात येऊन भेटल्या. म्हणाल्या, "मला शत्रू नको. मला ती बसून राहणारी मुलगी आणि ते पिल्लू पुरे." त्यांच्या खोलीत बसून तासभर पैशांचं बोलणं झालं. कानसेन कागदावर लिहायचा आणि मी मोठ्याने वाचायचे. एकदा त्याने लिहिलं, "हे वाचू नका, पण अजून थोडं ताणा," आणि मी तेही वाचलं. बाई इतक्या हसल्या की ताणायची गरजच राहिली नाही. आणि हो, तिघा कॅमेरावाल्यांनी लपण शिवून मागितलं आहे. त्यांतला एक शार्कवाला. त्याला म्हटलं, पाण्याखाली मला जमणार नाही.

परवा घरी आले. कपाटं आवरली. माझ्या मुलाचा हिवाळ्याचा कोट कधीचाच खुंटीवर नाही, हे मला दोन महिन्यांपासून दिसत होतं. नवी नोकरी, नवं शहर, तिथे थंडी, असं तो म्हणाला होता आणि मी ते खरं मानलं होतं. दर रविवारी तो फोन करतो. माझा रक्तदाब विचारतो, गॅसची नळी बदलली का विचारतो. तुझं विचारत नाही. मी विचारलं की म्हणतो, "तिथे नेटवर्क नसतं ना, आई." तू शहरात येऊन फोन करायचीस तेव्हा तूही त्याचं विचारायची नाहीस. माझ्या गुडघ्याचं विचारायचीस, मशीनच्या पट्ट्याचं विचारायचीस. दोन माणसं माझी इतकी काळजी घेत होती आणि मी खुळी मनात सुखावत होते. तो वाईट नाही गं. मी त्याची आई आहे म्हणून म्हणत नाही. लहानपणी बस यायला उशीर झाला तर तो चालत निघायचा, आणि अर्ध्या वाटेत बस त्याला ओलांडून जायची. वाट बघणं त्याला कधी जमलं नाही. तुझा तर धंदाच वाट बघण्याचा. यात चूक कोणाची, ते मी ठरवणार नाही.

आता त्या चाळीस मिनिटांचं. एकतिसाव्या मिनिटाला तू बोललीस. अगदी हळू, कोणाशी ते मला माहीत नाही, बहुतेक त्या पाणमांजराशी. म्हणालीस, "संपलं बाई आमचं. त्याने विचारलं, मी हो म्हटलं. भांडणसुद्धा झालं नाही." मग बराच वेळ पाणी. मग म्हणालीस, "त्याचं मी सोसेन. पण आईंना कसं सांगू? सांगितलं की त्याही गेल्या." आणि लगेच पिल्लांची शीळ आली, आणि मी ठरल्याप्रमाणे वेळ टिपली. हेडफोन काढले तेव्हा कानसेन माझ्याकडे बघत होता. त्याने कागद ओढून लिहिलं, "तो तुकडा मी पुसला होता असं मला वाटलं. माफ करा." त्याच्यावर रागावू नकोस, त्याने महिनाभर हे कोणाला कळू दिलं नव्हतं. मी मात्र आधी रागावले, खोटं कशाला सांगू? तुम्ही दोघं नवरा-बायको मिळून मला लहान मूल समजलात, म्हणून रागावले. रविवारी मंचावरून उतरल्यावर मी माझ्या मुलाला फोन केला. तो रडला, मग म्हणाला, "आई, तू माझी आई आहेस ना?" मी म्हटलं, "आहेच. पण मी काय कापड आहे का, एकाला कापून दिलं की दुसऱ्याला कमी पडायला?" तो म्हणाला, "तिला सांग, मी तुला तिच्यापासून तोडणार नाही." हा त्याचा निरोप, जसाच्या तसा. तुम्ही दोघं काय सह्या करायच्या त्या करा, मी मध्ये पडणार नाही, आणि पुन्हा जुळवून घ्या असंही म्हणणार नाही. पण मी कुठे जात नाही. हंगाम संपला की घरी ये, चिखलाच्या बुटांनी ये, चौदा तास झोप. कानसेन सांगत होता, म्हणजे लिहीत होता, की हल्ली तू लपणात एकटीच ओठ हलवत असतेस, मला सांगायच्या वाक्यांची तयारी करत असतेस. ती तयारी करू नकोस, पोरी. म्हणूनच हे पत्र लिहिलं. सांगून झालं आहे, मी ऐकलं आहे, आणि मी तुझीच आहे.

तुझीच,
आई